अंबुबाईची मांडी

अंबुबाईला गल्लीतल्या बायका पाठीमागे 'अफूवाली' म्हणत आणि समोर आली की गोड आवाजात 'मेथीची जुडी जरा बघून द्या हं' म्हणत. मला या दुतोंडीपणाची चीड यायची. अफू कोणाच्या घरात नव्हती? चिंचवड गावात त्या काळी ज्या घरी तान्हं मूल, त्या घरी कोनाड्यात अफूची डबी ठरलेली. बाईला रानात खुरपायला जायचं असे, मूल किरकिर करत असे, मग मोहरीएवढी गोळी दुधात उगाळून चाटवली की ते दुपार टळेपर्यंत निपचित पडे. याला कोणी व्यसन म्हणत नसे, 'बाळाची गोळी' म्हणत. मोठ्या बाईनं तीच गोळी खाल्ली की मात्र ती अफूवाली!

मी लग्न होऊन वाईहून आले ती चौपन्न साली. माझ्या नवऱ्याला पिंपरीच्या पेनिसिलीनच्या कारखान्यात नोकरी लागली होती आणि आम्ही अंबुबाईच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली होती. मधली भिंत कुडाची. तिकडे तिनं भाकरी थापली की इकडे ऐकू यायचं, आणि इकडे मी नवऱ्याशी भांडले की सकाळी ती दारातून विचारायची, "मग? कोण जिकलं?"

ती विधवा होती. उंच, हाडापेरानं दणकट, आवाज असा की पवना नदीच्या पलीकडच्या माणसाला हाक ऐकू जावी. भाजीची पाटी डोक्यावर घेऊन ती रोज पिंपरी कॅम्पात, फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या वस्तीत, विकायला जायची. तिथल्या सिंधी बायका त्यांच्या भाषेत घासाघीस करत, ही चिंचवडच्या भाषेत त्यांना झापायची, आणि सगळ्याच हसत घरी जात. सकाळी चहाबरोबर ती एक गोळी घ्यायची. अफूचा सरकारी परवाना असलेल्या म्हाताऱ्यांकडून तिला ती मिळायची. गोळी पोटात गेली की ती पुरुषाच्या बरोबरीनं राबे. गोळी चुकली तर तिला पाटी उचलवत नसे. एवढंच तिचं व्यसन. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

तिनं ते कसं धरलं, हे एकदा मटार सोलता सोलता तिनंच मला सांगितलं. मी विचारलंही नव्हतं.

तिचा पहिला मुलगा संभा. पाच-सहा महिन्यांचा असेल. सकाळी तो रडत होता म्हणून सासूनं त्याला गोळी चाटवली आणि ती पाण्याला गेली. मागून अंबुबाई आली. रानात जायची घाई, पोराची चुळबूळ चाललेली, म्हणून तिनंही चाटवली. कोणी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही होतंच कुठं? बांधावरच्या बाभळीला झोळी बांधून ती खुरपत राहिली, आणि आज पोर किती शहाणं झोपलंय म्हणून मनात खूष होत राहिली. ऊन उतरल्यावर पाजायला गेली, तेव्हा तो गार झाला होता.

"मग मी लई आरडले," ती म्हणाली. "निजंना, खाईना, नुसती आरडायची. सासू बी रडायची. मग तिनंच त्याच डबीतली गोळी माझ्या तोंडात घातली. निजंल तरी पोर, म्हणली. तवापासनं निजतीया मी."

त्यानंतर तिला मुलगी झाली. तिचं नाव इंद्रायणी. या पोरीला तिनं अफूचा वाससुद्धा लागू दिला नाही. पाठीशी बांधून खुरपलं, पाठीशी बांधून पाणी भरलं. पोर कानाशी भोकाड पसरायची, बायका म्हणायच्या अगं दे की जरा गोळी. अंबुबाई म्हणायची, "रडू द्या. रडतीया म्हंजी हाय." पण स्वतःची गोळी काही तिला सोडता आली नाही.

इंद्रायणीला भावाची गोष्ट आईकडून कळायला हवी होती. ती कळली धुण्याच्या घाटावर, एका भोचक बाईच्या तोंडून, आणि तीही मीठमसाला लावून. पोरगी तेव्हापासून आईशी तुटक झाली. पुढे तिचं लग्न कासारवाडीत झालं. नवरा चांगला, सासू प्रेमळ. सणाला यायची, पण मुक्कामाला राहायची नाही. आली की अंबुबाई नुसती तिच्या मागं मागं फिरायची. गेली की दारात उभी राहायची, आणि ती दिसेनाशी झाल्यावरही आत यायची नाही.

अशी ती इंद्रायणी छप्पन साली पहिलटकरीण झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय सांगायला हवं? अंबुबाईनं बाज विणून घेतली, शेकायला गोवऱ्या रचल्या, डिंक आणला, आळीव आणले. सातव्या महिन्यात आम्ही दोघी तिला आणायला कासारवाडीला गेलो. 'तुझ्यासमोर ती जरा सबुरीनं बोलंल' म्हणून तिनं मला मुद्दाम बरोबर घेतलं होतं. कसचं काय!

"आये, मी येत न्हाई," इंद्रायणी म्हणाली. "हितंच व्हईल माझं."

"पयलं हाय पोरी. लोक काय म्हणत्याल?"

"म्हणू देत. ती डबी असंल त्या घरात माझं बाळ मी आणायची न्हाई. तू सोड, मी सोताहून येती."

"सोडती की."

"आजवर का न्हाई सोडली? मनात आणलं असतंस तर कवाच सुटली असती. तुला ती गोड लागतीया, म्हणून खातीस."

"कडू जहर असती गं ती," अंबुबाई म्हणाली. इंद्रायणीच्या सासूनं केलेले पोहे खाऊन आम्ही परत निघालो.

मला राहवेना. परत येताना मी तिला ओढून कॅम्पातल्या डॉक्टरांकडे नेलं. ते सिंधी होते, बराकीतल्या एका खोलीत दवाखाना चालवायचे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या. मग म्हणाले, "माई, ये आदत नहीं, बीमारी है. शरीर माँगता है. इसमें आपका कसूर नहीं." एकदम तोडू नका, मी औषधाचे थेंब देतो, हळूहळू कमी करत नेऊ, काही महिने लागतील, असंही त्यांनी समजावलं.

मला इतकं बरं वाटलं! इतकी वर्षं गल्लीनं बाईला नावं ठेवली, आणि आज एका शिकल्यासवरल्या माणसानं तिला निर्दोष ठरवलं. मला वाटलं, अंबुबाईच्या डोळ्यांत पाणी येईल. ती ताडकन उठली आणि बाहेर गेली.

"मला बिमार म्हणू नगंस," रस्त्यावर ती माझ्यावरच खेकसली. "तुला काय कळतं? क्षयाच्या बाईपासनं लेकरं लांब ठिवत्यात का न्हाई? रोगी बाईच्या मांडीवर कोण मूल दील? खोड असली तर खोड मोडता येती. मोडली की पोरगी येती, बाळ येतं. मला खोडच असू दे." थोडं चालल्यावर ती जरा निवळली. "तुझा नवरा येवढा औषधाच्या कारखान्यात हाय, तितं ह्याच्यावर काय न्हाई व्हय बनत?"

मी नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं डबी पवनेत फेकली. थेंब नको, डॉक्टर नको. दार लावून घेतलं आणि जमिनीवर घोंगडी टाकून पडली. त्यानंतरचे दिवस आठवले तरी माझ्या अंगावर काटा येतो. आधी नुसत्या जांभया. मग नाकाडोळ्यांतून पाण्याच्या धारा, पोटात मुरडा, घामानं लुगडं भिजून चिंब. पाय असे झाडायची की कुडाची भिंत हलायची. मी पेज घेऊन गेले की भांडं उडवून द्यायची. मला तिनं ज्या शिव्या घातल्या, त्या वाईच्या बाजारातही मी कधी ऐकल्या नव्हत्या. आणि मग मध्येच माझा हात धरून लहान मुलीसारखी विनवायची, "एकच आण गं. नखायेवढी. कुणाला सांगायची न्हाई मी." मी उठून बाहेर जायची आणि पदर तोंडात कोंबून रडायची. आईला अफू गोड लागते म्हणून ती खाते, असं म्हणणाऱ्या पोरीला इथं आणून बसवावं, असं मला फार वाटे.

पण ती उठली. अर्धी होऊन उठली, गालफडं बसली, पण उठली. मी स्वतः कासारवाडीला जाऊन इंद्रायणीला हे आणि डॉक्टरांचं बोलणंही सांगून आले, आणि बोलल्याप्रमाणे ती आली.

आल्या आल्या तिनं घर तपासलं. कोनाडे, डबे, उतरंड, पिठाची मडकीसुद्धा. मला राग आला, मी बोलणारही होते. अंबुबाईनं डोळ्यांनी मला गप्प केलं. भिंतीला टेकून ती उभी होती आणि चेहऱ्यावर एवढं मोठं हसू. आपल्या घरात आपल्या पोरीची बोटं कुठंतरी लागताहेत, एवढ्यानंच ती निहाल झाली होती.

मुलगी झाली. सुमन. आणि मग मी अंबुबाईला जशी पाहिली तशी ना आधी पाहिली होती, ना नंतर कधी पाहिली. सकाळी उन्हात पाय लांब करून बसायची, पायांवर नात पालथी घालायची, तेल चोळायची, कढत पाण्याचा तांब्या जपून ओतायची. पोरगी टाहो फोडायची. अंबुबाई म्हणायची, "वरड! आणखी वरड! कासारवाडीला ऐकू जाऊ दे!" इंद्रायणी बाजेवरून बघत असायची आणि तिच्याही तोंडावर हसू यायचं. अंघोळ झाली की सुमन मांडीवर झोपायची आणि अंबुबाईच्या पायाला मुंग्या आल्या तरी ती हलायची नाही. मी म्हणायची, अहो ठेवा आता झोळीत. ती मानेनंच नाही म्हणायची.

मात्र तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. डबी गेली तेव्हापासून तिला झोप अशी नव्हतीच. हाडं ठणकायची. बोलता बोलता जांभई यायची, नाक पुसायची, आणि मी बघतेय असं दिसलं की "सर्दी झालीया" म्हणायची. कॅम्पात पुन्हा पाटी घेऊन जायला लागली होती, पण मध्ये दोनदा बसावं लागायचं.

आमच्या गल्लीच्या टोकाला गोजाबाई राहायची. घर भरून नातवंडं, स्वभावानं साधी, कोणाच्या घरी बाळंतीण असली की काहीतरी घेऊन बघायला येणारी. त्या दुपारी ती आली तेव्हा अंबुबाई कॅम्पात होती. मी आणि इंद्रायणी बोलत बसलो होतो आणि सुमन झोळीत झोपली होती. गोजाबाईनं झोळीत वाकून पाहिलं आणि कौतुकानं म्हणाली, "निजली व्हय? लागू पडली म्हणायची गोळी. परवा अंबुबाई घिऊन गेली न्हवं, पोरगी लई रडती म्हणून. आणखी लागली तर सांग गं, लाजू नगंस."

इंद्रायणीचं तोंड पांढरंफटक पडलं. तिनं झोळीतून पोर अक्षरशः ओढून काढली, गदागदा हलवली, तळपायांवर चापट्या मारल्या, माठातलं पाणी तोंडावर मारलं. सुमननं डोळे उघडले आणि असा काही आकांत मांडला की शेजारचे लोक धावत आले. इंद्रायणी तिला छातीशी धरून मटकन खाली बसली आणि तिच्याबरोबर मोठ्यानं रडायला लागली. बिचारी गोजाबाई नुसती 'काय झालं, काय झालं' करत राहिली.

तेवढ्यात रिकामी पाटी घेऊन अंबुबाई दारात आली.

"आये, बाळाला काय दिलंस?"

अंबुबाईनं गोजाबाईकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं. तिनं पाटी खाली ठेवली. "बाळाला काय बी न्हाई दिलं. तिच्या गळ्याची आण."

"मग गोळी कुटं गेली?"

"मी खाल्ली."

"बाळाच्या नावानं मागितलीस? माझ्या बाळाच्या?"

"व्हय."

"शालनवैनी म्हणती, डागदर म्हणला रोग हाय," इंद्रायणी माझ्याकडे हात करून ओरडली. "असा असतो व्हय रोग? तापाचं माणूस खोटं बोलतं? दुसऱ्याच्या दारात जाऊन तान्ह्या लेकराचं नाव घेतं?"

अंबुबाई अगदी हळू बोलली. तिचा इतका हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"ताप असता तर खोटं बोलायला लागलंच नसतं, इंद्रे. ताप आलाय, काय तरी द्या, आसं म्हणले असते. कुणी बी दिलं असतं. सोडली म्हणून गावभर झाल्यावर ह्ये कुणाच्या नावानं मागू? बाळासाठी मागितलं तर समदी देत्यात. माझ्यासाठी मागितलं तर थुकत्यात."

गोजाबाईनं पदर डोळ्यांना लावला. इंद्रायणीनं पोरीला दुपट्यात गुंडाळलं, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच तिचा नवरा येऊन दोघींना घेऊन गेला. जाताना तिनं आईकडे पाहिलं नाही. अंबुबाईही पुढं झाली नाही.

झोळी मात्र अंबुबाईनं सोडली नाही, ती तशीच आढ्याला लोंबत राहिली. सकाळी अंघोळ घालायच्या वेळेला ती उन्हात जाऊन बसायची आणि पाय लांब करायची. पायांवर काही नसायचं. मी भांडी घासता घासता बघायची. माझी कूस तेव्हा उजवली नव्हती, त्यामुळे तिच्या मांडीवर ठेवायला माझ्याकडेही काही नव्हतं. मूल असतं तर मी दिलं असतं का? मला वाटतं, दिलं असतं. पण हे बोलणं सोपं आहे.

मग एके सकाळी तीच म्हणाली, "चल त्या डागदराकडं."

दवाखान्यात ती बसलीसुद्धा नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "मी रोगी हाय. औषध द्या." तिच्या तोंडून तो शब्द निघाला तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. एखाद्यानं आपल्या हक्कावर पाणी सोडावं तशी ती बोलली होती. डॉक्टरांनी थेंबांची बाटली दिली आणि किती, कधी ते मला नीट समजावलं.

त्या दिवसापासून कॅम्पातली भाजी संपली की ती चिंचवडकडे वळायची नाही, कासारवाडीला जायची. पहिल्या दिवशी ओट्यावर बसली आणि दाराकडे बघत म्हणाली, "इंद्रे, सुटली न्हाई अजून. डागदर थेंब देतो, कमी कमी करत. आज बी घेतल्यात. म्हणून मांडीवर मागत न्हाई. लांबनं बघती आन जाती." इंद्रायणी ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. तांब्याभर पाणी आणून ठेवलं, आणि पोरीला मांडीवर घेऊन आत उंबऱ्याशी बसली. पावसाळा गेला, थंडी आली, तरी रोज तेच. अंबुबाई दोन्ही हात पदराखाली घालून बसायची, हात आपोआप पुढं जाऊ नयेत म्हणून. तिथूनच नातीशी बोलायची, कॅम्पातल्या बायकांच्या नकला करायची. पोरगी हसायची. मग ही उठायची.

एकदा मीही तिच्याबरोबर गेले. मला राहवेना, म्हणून गेले. बाटलीतले थेंब तोवर बरेच कमी झाले होते, पण संपले नव्हते. इंद्रायणी उंबऱ्याच्या आत सुपात तांदूळ निवडत होती. सुमन तिच्याजवळ खेळत होती, आता रांगायला लागली होती. तिनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा आजीकडे, आणि निघाली. उंबरा आडवा आला. त्यावर पोट टेकवून पलीकडे घसरली, आणि ओट्यावरून रांगत सरळ अंबुबाईच्या मांडीवर चढली.

अंबुबाईनं दचकून हात पदराखालून काढले आणि दोन्ही बाजूंना वर धरले. पोरीला कुठंही बोट लागू दिलं नाही. सुमन तिची चोळी धरून मांडीवर उभी राहायला लागली, लटपटली, पुन्हा उभी राहिली, आणि तिनं आजीच्या नाकाला हात घातला. अंबुबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, हात तसेच हवेत होते, आणि ती लेकीकडे बघत होती.

इंद्रायणीचा सुपातला हात थांबला. ती उठली नाही.

"बघतीस काय आये?" ती म्हणाली. "धर की तिला. पडंल न्हवं."

अंबुबाईनं धरलं.